क्वीन्समधल्या जुन्या इमारतीत फ्लॅट घेताय? आधी रेडिएटर बघा

तुम्ही विचारलंय, जानेवारीत पुण्याहून न्यूयॉर्कला येतोय, क्वीन्समध्ये १९२०च्या दशकातल्या इमारतीत फ्लॅट परवडतोय, हीट आणि गरम पाणी भाड्यातच आहे, सोबत दीड वर्षाची मुलगी आहे, घ्यावा का? घ्या. मी अशाच इमारतीत अकरा हिवाळे काढलेत. फक्त बघायला जाल तेव्हा किचनच्या आधी रेडिएटर बघा.

खिडकीखाली लोखंडी बरगड्यांचा सापळा दिसेल, तोच. तळघरात बॉयलर असतो, तिथून वाफ वर चढते. अशा बऱ्याच इमारतींत रेडिएटरला एकच पाइप असतो: वाफ त्यातूनच येते आणि गार होऊन तिचं पाणी झालं की त्यातूनच खाली उतरते. निम्मी कटकट इथेच आहे. पाइपाजवळचा व्हॉल्व्ह नळासारखा थोडाथोडा फिरवायचा नाही. पूर्ण उघडा, नाहीतर पूर्ण बंद. अर्धवट ठेवलात की परतीचं पाणी अडतं आणि वाफ त्याच्यावर आदळते.

पहिल्या हिवाळ्यात पहाटे पाचला खलबत्त्यात कुणी सुंठ कुटतंय असे ठोके पडायचे. मी आठवडाभर वरच्या बिऱ्हाडाच्या नावाने बोटं मोडली. मग सुपर आला (इमारतीची देखभाल बघतो त्याला इथे सुपर म्हणतात), त्याने रेडिएटरच्या लांबच्या टोकाच्या पायांखाली लाकडाच्या दोन चिपा सरकवल्या आणि निघून गेला. मोरीला देतात तसा ढाळ व्हॉल्व्हच्या दिशेने हवा होता, एवढंच. ठोके थांबले.

दुसऱ्या टोकाला लिंबाएवढी चंदेरी कुपी असते, तो एअर व्हेंट. वाफ चढताना त्यातून हवा सुस्कारत बाहेर पडते आणि वाफ पोचली की तो आपोआप मिटतो. दर नव्या भाडेकरूच्या वेळी रंगाचा हात मारून मारून तो बुजलेला असेल, तर हवा आत कोंडते आणि रेडिएटर गारठलेला राहतो. व्हेंट बदलणं पाच मिनिटांचं काम आहे. सही करण्याआधी करून मागा.

उष्णता मात्र तुमच्या हातात नसते. कायद्याने १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात सकाळी ६ ते रात्री १० बाहेर ५५ फॅरनहाइटच्या खाली गेलं, तर घरात किमान ६८ (म्हणजे २० सेल्सिअस) हवं. रात्री ६२, बाहेर काहीही असो. एवढं मिळालं नाही तर ३११ला (शहराचा तक्रारीचा फोन नंबर) फोन करा. प्रत्यक्षात उलटंच होतं: भर जानेवारीत खिडकी उघडून बसावं लागतं, ओठ फुटतात, खोबरेल तेलाची बाटली महिन्यात संपते. मुलीसाठी रेडिएटरला कव्हर लावून घ्या. तापल्यावर हात लागला तर भाजतंच. इमारत १९६०च्या आधीची आहे, तेव्हा घरात सहा वर्षांखालचं मूल राहणार हे मालकाला लेखी कळवा. भिंतींच्या जुन्या रंगात शिसं आहे का, याची तपासणी त्याला दरवर्षी करावी लागते.

आता पाणी. शहराचं पाणी चांगलं आहे, शंका असते ती इमारतीच्या पाइपांची. रस्त्यापासून इमारतीत येणाऱ्या शिशाच्या पाइपांवर इथे १९६१मध्ये बंदी आली, तुमची इमारत त्याआधीची. ३११ला सांगितलं की तपासणीचा किट फुकट येतो. तोवर सकाळी नळ थोडा वाहू द्या, आणि दूध-वरणभाताला गारच पाणी घ्या. गरम नळाच्या पाण्यात शिसं जास्त उतरतं. फ्लॅट बघताना शॉवर चालू ठेवून फ्लश ओढा. धार मेली किंवा पाणी एकदम कढत झालं, तर जुने लोखंडी पाइप आतून गंजून अरुंद झालेत असं समजा. कपड्यांचं मशीन बहुधा लावू देत नाहीत. फेस जुन्या ड्रेनला झेपत नाही. फोडणीचं उरलेलं तेलही सिंकमध्ये नको.

आणि बाथरूमच्या जमिनीला मोरी नसते, जाळीसुद्धा नाही. पहिल्याच रविवारी मी सवयीने दोन बादल्या ओतून फरशी खराट्याने घासली. दहा मिनिटांत खालच्या आजी दारात, हातात पातेलं, त्यात त्यांच्या छतातून गळलेलं माझं साबणाचं पाणी. बादली-तांब्या जरूर आणा, पण आंघोळ टबात उभं राहूनच.