शस्त्रक्रियेपूर्वीच्या एमआरआयमधून सांधा किती आखडला आहे हे कळते का?

दुखापतीनंतर तुमचा गुडघा पूर्ण सरळ होत नाही, शस्त्रक्रियेआधी एमआरआय करायला सांगितला आहे, आणि सांधा किती आखडला आहे हे त्यात दिसेल का, असे तुम्ही विचारले आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि आखडलेले सांधे हेच माझे रोजचे काम आहे. किती आखडला आहे हे एमआरआय सांगत नाही. का आखडला आहे हे मात्र तो पुष्कळदा सांगतो.

एमआरआय काढताना पाय अजिबात हलवायचा नसतो, त्यामुळे हालचालीचे माप त्यातून मिळत नाही. ते कोनमापकाने, हातानेच घ्यावे लागते: आधी रुग्णाने स्वतः पाय सरळ करून, मग तपासणाऱ्याने तो अलगद सरळ करून. स्वतःला जमत नाही, पण दुसऱ्याने केल्यास पाय सरळ होतो, तर दोष बहुधा स्नायूंच्या ताकदीत असतो. दोन्ही वेळा गुडघा एकाच कोनावर अडत असेल, तर आत अडथळा असू शकतो किंवा वेदनेमुळे स्नायू आवळले जात असतील. हा फरक कधीकधी भूल दिल्यावरच स्पष्ट होतो.

एमआरआयचा खरा उपयोग हा अडथळा ओळखण्यासाठी होतो. गुडघ्यातल्या गादीचा फाटलेला तुकडा उलटून मध्ये अडकला असेल, किंवा लिगामेंटच्या (हाडे एकमेकांना जोडणाऱ्या बंधाच्या) शस्त्रक्रियेनंतर सांध्याच्या पुढच्या भागात 'सायक्लॉप्स' नावाची तंतुमय गाठ झाली असेल, तर ते त्यात दिसू शकते. असा गुडघा व्यायामाने जोर लावून सरळ करू पाहणे मला धोक्याचे वाटते, म्हणूनच ही तपासणी मी अनावश्यक म्हणणार नाही. सांध्याभोवतीचे आवरण जाड झालेलेही एमआरआयमध्ये दिसते, पण त्या जाडीवरून हालचाल किती अंशांनी घटली हे ठरवता येत नाही. अडथळा वाढलेल्या हाडाचा असेल, तर एक्स-रे किंवा सीटी स्कॅन अधिक स्पष्ट चित्र देतात.

गुडघ्यात स्क्रू असल्यास किंवा शरीरात पेसमेकर असल्यास ते आधीच सांगा. धातूजवळची प्रतिमा बिघडते, आणि पेसमेकर असताना एमआरआय करता येईल का हे आधी तपासावे लागते. तपासणीच्या चिठ्ठीवर केवळ 'गुडघेदुखी' असे न लिहिता, गुडघा सरळ व्हायला किती अंश कमी पडतात, तो केव्हापासून अडतो आणि आधी कोणती शस्त्रक्रिया झाली आहे, हे डॉक्टरांकडून अवश्य लिहून घ्या, म्हणजे प्रतिमा वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टला नेमके काय शोधायचे ते कळेल.