एलएनए खोलीत ठेवला तर काय बिघडतं?

प्रश्न: गच्चीवरच्या डिशने १७०० मेगाहर्ट्झवर ‘मेटिओर-एम’ या हवामान उपग्रहाची चित्रं घेतो. पावसाच्या भीतीने एलएनए (कमी नॉइजचा अ‍ॅम्प्लिफायर) खोलीत, एसडीआरला (संगणकाला जोडलेल्या रिसीव्हरला) लागूनच जोडलाय. गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) पूर्ण वाढवला तरी चित्रात पट्टे तुटतात. का?

उत्तर: एलएनएची जागा चुकली आहे. गेन वाढवला की सिग्नलबरोबर नॉइजही तेवढाच वाढतो, हाती काही लागत नाही.

हिशेब मांडू. नॉइज तापमानासारखा केल्विनमध्ये मोजतात. एलएनएची नॉइज फिगर (तो स्वतः किती नॉइज मिसळतो त्याचं माप) ०.५ डेसिबल (३५ केल्विन) आणि गेन २० डेसिबल, केबलची घट ३ डेसिबल, एसडीआर ६ डेसिबलचा (८६५ केल्विन) धरा. केबल आधी आली तर ती सिग्नल निम्मा करते, स्वतःचे २९० केल्विन मिसळते आणि पुढचा सगळा नॉइज दुप्पट मोजायला लावते. बेरीज ३७७. एलएनए आधी आला तर मागच्यांचा नॉइज त्याच्या शंभरपट गेनने भागला जातो: ३५, ३ आणि १७ मिळून ५५. शिवाय डिशचे सुमारे ५० केल्विन. आकाश त्याहून थंडच असतं. उरलेला भाग डिशच्या काठापलीकडून फीडला (डिशसमोरच्या छोट्या अँटेनाला) दिसणाऱ्या तापल्या गच्चीचा. म्हणजे ४२७ विरुद्ध १०५, फरक ६ डेसिबल. एरवी तेवढ्यासाठी डिशचा व्यास दुप्पट करावा लागला असता!

एलएनए थेट फीडच्या कनेक्टरवर बसवा. वरून प्लॅस्टिकचा डबा, पाणी निथळायला तळाशी भोक, कनेक्टरवर एकजीव होणारा रबरी टेप. वीज बायस-टीने (सिग्नलच्या केबलमध्ये डीसी वीज सोडणाऱ्या जोडणीने) केबलमधूनच द्या, पण मध्ये स्प्लिटर नको. बरेचसे स्प्लिटर ही डीसी वीज अडवतात, आणि वीज नसलेला एलएनए सिग्नल गिळतो. वरच्या टोकाला मल्टिमीटरने व्होल्टेज पाहाच. जवळ १८०० मेगाहर्ट्झचा मोबाइल टॉवर असेल तर फिल्टर लागेल, मात्र तो एलएनएच्या आधी लावलात तर त्याची १ डेसिबल घट ७५ केल्विनला पडते. एलएनए टॉवरमुळे गुदमरत नसेल तर फिल्टर त्याच्या मागेच बरा.

पडताळणी सोपी: एजीसी (गेन आपोआप बदलणारी सोय) बंद करून डिश आधी मोकळ्या आकाशाकडे, मग जमिनीकडे वळवा. नॉइज सुमारे ५ डेसिबलने चढायला हवा. सध्याच्या जोडणीत २ सुद्धा चढणार नाही.

प्रश्न: १३७ मेगाहर्ट्झवरच्या हवामान उपग्रहांसाठीही महागडा एलएनए घ्यावा का?

उत्तर: नको. तिथे आकाशगंगेचाच नॉइज शेकडो केल्विन असतो, ०.५ ऐवजी १ डेसिबलचा एलएनए घेतला तर जेमतेम ४० केल्विन वाढतात. खरा त्रास घरातल्या एलईडी दिव्यांचा आणि चार्जरचा. लॅपटॉप बॅटरीवर ठेवून मेन स्विच पाडा आणि नॉइजची पातळी किती उतरते ते पाहा.