आजार सांगितला तर नोकरी जाईल का?

‘ताई, सांगितलं तर काढून टाकतील. नाही सांगितलं तर तिसरी पाळी झेपत नाही.’ जळगाव एमआयडीसीतल्या एका चटई कारखान्यातला हा तिशीतला कामगार. मूळचा धडगावकडचा, लहानपणापासून सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

रात्रभर मशीनच्या उकाड्यात घाम गाळायचा, पाणी प्यायला उसंत नाही. हिवाळ्यात सकाळी पाळी सुटली की मोटरसायकलवर गार वारा खात खोलीवर. थंडी, थकवा आणि अंगातलं पाणी कमी होणं. सिकलसेलचं दुखणं उसळायला एवढं पुरतं. मग हाडं ठणकायची, दांडी पडायची. आजार लपवून नोकरी वाचत नव्हतीच. हजेरीपत्रकावर तो नुसता दांडीबहाद्दर दिसत होता.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत, त्यात सिकलसेल आजार येतो. (नुसता वाहक, म्हणजे आजार नसून फक्त त्याचं जनुक असलेला, असेल तर नाही.) कामाच्या ठिकाणी वाजवी सोय, म्हणजे काम करता यावं म्हणून केलेला गरजेचा बदल, नाकारणं हा या कायद्याने भेदभाव ठरतो, आणि कायद्यात खासगी आस्थापनाही धरल्या आहेत. किमान 40 टक्के दिव्यांगत्वाची अट नोकरीतल्या आरक्षणासाठी असते, अशा सोयीसाठी नाही. मात्र ‘वाजवी’ला अर्थ आहे. मालकावर अवाजवी बोजा पडेल अशी मागणी टिकत नाही. मनाला येईल ती पाळी मागायचा हा परवाना नव्हे, हे मी प्रत्येकाला आधीच सांगते.

त्याने लिहून आणलेला अर्ज होता : ‘आजारपणामुळे रात्रपाळी जमणार नाही, माफी असावी.’ माफी कशाची? आम्ही तो असा केला : ‘मी पहिल्या व दुसऱ्या पाळीत नियमित काम करू शकतो. सिकलसेलमुळे तिसरी पाळी वगळावी व मशीनजवळ पाण्याची बाटली ठेवू द्यावी. डॉक्टरांचं पत्र व दिव्यांग प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.’ दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायला बजावलं. तोंडी विनंतीचा मागे काही पुरावा राहत नाही. 20 किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीला समान संधी धोरण, म्हणजे दिव्यांगांना कोणत्या सोयी देणार याचा लेखी मसुदा, ठेवावं लागतं, तेही मागायला सांगितलं. नकार आला असता तर पुण्याला राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करायची तयारी होती.

तिसरी पाळी सुटली. बदल्यात सणावाराला कामावर यायचं ठरलं. मला ते खटकलं, त्याला चाललं. सुपरवायझर अजून ‘कंपनीचा जावई’ म्हणतो. त्याचं काय करायचं, यावर आमचं बोलणं चालू आहे.