सहमती नेमकी कोणत्या मसुद्याला?

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

शासन निर्णयाचा मसुदा 'चर्चा करावी' असा शेरा घेऊन पुन्हा परत आला म्हणून तू वैतागली आहेस. तो शेरा आला की वही घे आणि साहेबांसमोर जाऊन बस. बरेचदा मसुदा ठीक असतो, टिपणीतल्या (मसुद्यासोबत नस्तीत, म्हणजे फाइलमध्ये, लिहिलेल्या नोंदीतल्या) एखाद्या प्रश्नाचं उत्तर राहिलेलं असतं. बोलणं झाल्यावर नुसतं 'चर्चेनुसार फेरसादर' लिहून मोकळी होऊ नकोस. काय ठरलं ते दोन ओळींत नोंदव. साहेबांची बदली होते, नस्ती तिथेच राहते.

ई-ऑफिसमध्ये, म्हणजे फायलींच्या संगणक प्रणालीत, टिपणी आधी पिवळ्या, कच्च्या पानावर लिही. हिरवी, म्हणजे पक्की टिपणी एकदा पुढे गेली की पुसता येत नाही.

मसुद्यावर इतर विभागांकडून आलेले सगळे अभिप्राय एका ढिगात टाकू नकोस. कुणी स्वल्पविराम हलवला तर वाद न घालता हलव. खर्चाचा भार असेल तर वित्त विभागाची सहमतीच लागते. विधी व न्याय विभाग नियमात बसतं का ते सांगतो. तक्ता कर: डावीकडे अभिप्राय जसाच्या तसा, उजवीकडे स्वीकारला की नाही आणि का. न स्वीकारलेल्याचं कारण लिहायला आपण कचरतो, नेमकी तीच ओळ पुढे विचारली जाते. दोन विभागांचं म्हणणं जुळत नसेल, तर मधला मार्ग स्वतः काढू नकोस. दोन्ही मतं शेजारी मांडून सचिवांकडे निर्णयासाठी सादर कर.

(आणि दुरुस्त्यांना कंटाळलीस तर आठव: राज्यघटनेच्या मसुद्यावर 7,635 दुरुस्त्यांच्या सूचना आल्या होत्या, त्यांतल्या 2,473 प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. हा हिशेब खुद्द बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात दिला.)

आता माझी चूक सांगतो. अनुदानाच्या एका प्रकरणात वित्त विभागाची सहमती आली होती. स्वच्छ प्रत काढताना पात्रतेच्या दोन अटींमधला 'व' मला खटकला. मी 'किंवा' केलं. भाषा सुधारली असंच वाटलं होतं! दोन्ही अटी पुऱ्या करणाऱ्यांसाठी मिळालेली सहमती मी एकच अट पुरी करणाऱ्यांनाही वाटून टाकली. निर्णय निघाला, त्याला संकेतांक म्हणजे ओळख क्रमांकही पडला. तळाशी वित्त विभागाच्या अनौपचारिक संदर्भ क्रमांकासह (सहमतीची नोंद दाखवणाऱ्या क्रमांकासह) 'प्राप्त झालेल्या सहमतीने' असं ठसठशीत छापलेलं, आणि ते खरं नव्हतं. शुद्धिपत्रक काढावं लागलं. बोलणी खाल्ली ती वेगळीच. तेव्हापासून सहमती मिळालेल्या मसुद्याच्या प्रत्येक पानावर मी सही-तारीख टाकून ठेवायचो आणि स्वच्छ प्रत कुणाला तरी मोठ्याने वाचायला लावून त्याच्याशी ताडून पाहायचो.

तू लिहितेस की अर्जाची मुदत परवा पंधरा दिवसांनी वाढवलीस. ती सहमतीच्या आधी की नंतर, हे सोमवारी नस्ती उघडून आधी बघ. नंतरची असेल तर नस्ती परत वित्त विभागाकडे पाठव, उशीर झाला तरी चालेल.

तुझा,
काका