अ‍ॅनिमे की कार्टून? आधी चित्रं मोजा

‘अ‍ॅनिमे (म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन) मोठ्यांचं, कार्टून पोरांचं’ ही वाटणी आधी डोक्यातून काढा. जपानमध्ये शोनेन म्हणजे किशोर मुलगे, सेइनेन म्हणजे तरुण पुरुष. वाचकांचे हे गट मुळात मांगा (जपानी कॉमिक्स) मासिकांचे. अमेरिकेतही मोठ्यांसाठी मालिका आहेत, फक्त बहुतेक विनोदी.

शैली ओळखायची तर व्हिडिओ एकेक फ्रेम सरकवून बघा. सेकंदाला फ्रेम 24च; पण डिस्नेच्या हातानं काढलेल्या चित्रपटांत नवी चित्रं साधारण 12 ते 24, जपानी टीव्ही मालिकेत अनेकदा 8च. कधी तर नुसते ओठ हलतात. हा आळस नव्हे. वाचलेली मेहनत मारामारीत ओतलेली दिसेल. ओठांचंही तसंच: अमेरिकेत आवाज आधी रेकॉर्ड होतो, जपानमध्ये सहसा नंतर, म्हणून तिथं तोंडाच्या तीन आकारांवर भागतं. आणि ही काटकसर एकट्या जपानची नाही, हॅना-बार्बेरा या अमेरिकी स्टुडिओनं 1950च्या दशकातच ती टीव्हीवर आणली होती.