गुहागरला पहिल्यांदाच चिंचिला आणतोय, कसली तयारी करावी?

तुम्ही लिहिलंय की घर गुहागरला आहे, 12 वर्षांच्या मुलीने हट्ट धरलाय, पिंजरा ऑनलाइन पसंत करून ठेवलाय आणि गणपतीच्या आधी दोन चिंचिला, म्हणजे उंदराच्या कुळातले दाट लोकरीचे छोटे प्राणी, घरी यायला हवेत. याआधी घरात मांजरसुद्धा पाळलेलं नाही, तर आणखी काय काय लागेल?

मी पावसजवळ राहतो, आंब्याचा व्यवसाय आहे. माझ्याकडे चिंचिलांची जोडी 2022च्या एप्रिलपासून आहे. हौसेने आणलेली नाही. मुंबईचा मावसभाऊ परदेशी निघाला आणि त्याच्याकडचे दोन नर माझ्या गळ्यात पडले. आईला म्हटलं, "चिंचिला येणारेत." ती म्हणाली, "चिंचेला? चिंचेला काय येणार, चिंचाच ना." तयारीला तीन आठवडे मिळाले, तेही ऐन पेट्या भरण्याच्या दिवसांत. त्यामुळे बरंच चुकलं, आणि तुम्हाला सांगण्यासारखं तेच जास्त आहे.

सगळ्यात आधी गणपतीचा मुहूर्त डोक्यातून काढा. तुम्हाला वाटत असेल मे टळला म्हणजे सुटलो. मलाही तसंच वाटलं होतं. हा प्राणी मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताचा, चिलीच्या बाजूचा. उंचावरचा कोरडा मुलूख आणि रात्रीचा कडक गारठा. त्या गारठ्यासाठी अंगावर जी लोकर आहे तिच्यात एकेका छिद्रातून 50-60 केस निघतात. उलटं बोट फिरवलंत तरी कातडी दिसत नाही, बोटच गडप होतं. घाम येत नाही, कुत्र्यासारखं धापा टाकून अंग निववणंही जमत नाही. उष्णता बाहेर टाकायला जागा म्हणजे ते मोठाले पातळ कान, तेवढीच.

चिंचिला पाळणारे एक ठोकताळा वापरतात. खोलीचं तापमान फॅरनहाइटमध्ये घ्यायचं, त्यात आर्द्रतेचे टक्के मिळवायचे, बेरीज 150च्या वर गेली की धोका. आता आपल्याकडचं गणित करा. मेच्या दुपारी 33 अंश सेल्सिअस म्हणजे 91 फॅरनहाइट, आर्द्रता 70 धरा, झाले 161. जुलैत 27 अंश म्हणजे 81, आर्द्रता 90, झाले 171. आपण ज्या दिवसांत गोधडी ओढून झोपतो तो श्रावण यांना वैशाखाहून वाईट. शिवाय बेरीज कितीही येवो, 25 अंशांच्या वर खोली जाता कामा नये. मी 20 ते 22 ठेवतो आणि आर्द्रता 50च्या आसपास. म्हणजे बाराही महिने, चोवीस तास एसी. इथेच घरात बसून हिशोब करा. माझं बिल महिन्याला 200-250 युनिटनी वाढलं, आणि वाढलेल्या युनिटना दर वरच्या टप्प्याचा लागतो. हे प्राणी 10-15 वर्षं जगतात, काही 20 गाठतात. तुमची मुलगी पंचविशीची होईल तरी हे बिल चालूच असेल.

खोली कुठली? सगळे सांगतील माजघर द्या, गार असतं. मीही माजघरच दिलं. जांभ्याच्या दीड हात जाडीच्या भिंती, वर माळा, उन्हाचा थेंब नाही. एप्रिलभर छान चाललं. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत भिंतीला ओल चढली आणि कोपऱ्यात हिरवट बुरशी. जांभा पाणी पितो हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं, पण त्या वेळी डोक्यात आलं नाही. शेवटी प्राणी वरच्या, विटांच्या नव्या खोलीत हलवले. तुमचं घर कौलारू असेल तर खाली पक्कं छत घातल्याशिवाय एसी लावू नका, नाहीतर गार हवा कौलांच्या फटींतून गुहागरभर जाईल.

दुसरी गोष्ट मला एसीवाल्याने सांगितली नव्हती. जुलैत बाहेरच 26 अंश असतात, तेव्हा 22वर लावलेला इन्व्हर्टर एसी थोडा वेळ चालतो आणि मंदावतो. खोली गार होते, कोरडी होत नाही. म्हणून डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा शोषून घेणारं यंत्र, वेगळं घ्यावं लागलं. त्याच्या टाकीतून भर पावसाळ्यात दिवसाला पाच-सहा लिटर पाणी काढतो मी. आणि ते यंत्र स्वतः खोली तापवतं, म्हणून दोन्ही एकदम चालवायची. साध्या कूलरच्या वाटेला अजिबात जाऊ नका, तो हवेत पाणीच सोडतो. नुसत्या पंख्याचाही उपयोग नाही. घाम नाही तर वारा वाळवणार काय?

आता विजेबद्दल. कोकणात राहणाऱ्याला हे सांगायला नको. 2020च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत लोकांनी किती दिवस अंधारात काढले ते तुम्हाला माझ्याइतकंच माहीत आहे. माझी परीक्षा मात्र साध्या वळवाने घेतली. मे महिना, रात्री साडेदहाला गडगडाट, ट्रान्सफॉर्मर गेला. घरातल्या इन्व्हर्टरवर चार दिवे आणि तीन पंखे. मी दारं-खिडक्या लावून गारवा कोंडून धरला आणि लाइट येईल म्हणून वाट बघत बसलो. दीड वाजता मापकावर 28 अंश आणि 80 टक्के. दोघांतला मोठा पिंजऱ्यातल्या कडाप्प्याच्या तुकड्यावर कुशीवर पडला होता, पाय पसरलेले. टॉर्च मारला तर एरवी फिकट करडे असणारे कान आतून लालभडक, शिरा मोजाव्यात इतक्या ठळक. हाताला कान गरम लागले. दोघांना प्रवासाच्या पेटीत घातलं, अंगणात गाडी उघड्यावर काढली, एसी लावला आणि बसून राहिलो. पेट्रोलचा काटा खाली येताना बघत. चार वाजता आई चहा घेऊन आली. काचेवर टकटक करून म्हणाली, "सहाला गडी येतील पेट्या भरायला, आणि तू उंदरांना थंडगार गाडीत बसवून राहा." लाइट आली सात वाजता. मोठा वाचला. दोन दिवस नीट खाल्लं नाही त्याने.

त्यानंतर 3.5 केव्हीएचा इन्व्हर्टर आणि चार बॅटऱ्या घेतल्या, खर्च लाखाच्या घरात गेला. त्यावर 1 टनाचा एसी सात-आठ तास निघतो. त्यापुढे पॅकिंग शेडचा पेट्रोल जनरेटर आहेच. छतावर सोलर आहे म्हणून निर्धास्त असाल तर थांबा. बॅटरी नसलेली, महावितरणच्या लाइनला जोडलेली यंत्रणा वीज गेली की आपोआप बंद पडते, भर उन्हातसुद्धा. कोणत्या प्रकारची आहे ते आधी बघा. फ्रीझरमध्ये पाण्याच्या दोन बाटल्या कायम गोठवून ठेवतो, वीज गेली की फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याला टेकवायच्या. कडाप्प्याचा तुकडा ओट्याच्या कामातून उरलेला होता, तो पिंजऱ्यात त्यांची आवडती बैठक झालाय. जांभ्याचा दगड मात्र नको.

पिंजऱ्याबद्दल: तुम्ही पसंत केलेला रंगवलेल्या लोखंडी तारेचा असेल तर खाऱ्या हवेत एका पावसाळ्यात त्याचे पोपडे निघतील, आणि हे प्राणी ते कुरतडतील. मी रत्नागिरीतल्या फॅब्रिकेटरकडून 304 स्टेनलेस स्टीलचा करून घेतला. अडीच फूट बाय दोन, उंची पाच, जाळी अर्ध्या इंचाची. आत वेगवेगळ्या उंचीला लाकडी फळ्या, कारण हे उड्या मारणारे. तळ आणि मजले भरीव हवेत, जाळीच्या तळावर पाय सोलवटतात. पळायचं चाक 15 इंचांचं आणि भरीव. प्लास्टिक काही ठेवू नका, दोन रात्रींत चावून पोटात जाईल. पिंजऱ्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, मुंग्यांसाठी. हे तुमच्या आजीनेही सांगितलं असतं.

खाण्याचं सोपं आहे, पण आपल्या गावात मिळत नाही. टिमोथी नावाचं वाळलं गवत, हवं तेवढं, दिवसरात्र समोर. जोडीला साध्या पेलेट, म्हणजे दाबलेल्या चाऱ्याच्या गोळ्या, एकेकाला दिवसाला एक-दोन चमचे. बिया, रंगीत तुकडे, सुकामेवा मिसळलेलं पाकीट मिळतं ते घेऊ नका. दात जन्मभर वाढत असतात आणि ते झिजतात गवत चावूनच. पुढचे दात नारिंगी दिसले पाहिजेत; पांढरे दिसले तर काहीतरी बिनसलंय. आईने आढीतला भाताचा पेंढा द्यायला काढला होता, "गवत ते गवत." तिला समजवावं लागलं की आढीत राहून दमट झालेल्या पेंढ्यात बुरशी असते आणि यांना उलटी करता येत नाही, जे आत गेलं ते गेलं. आंबा, केळं, पोह्याचा लाडू काहीच नाही. पाहुणे आले की मी खोलीला कुलूप घालतो, नाहीतर प्रेमाने कोणीतरी काजूगर भरवतं.

गवताची आगोट मात्र करायची. मिरची-कोकमाबरोबर मेअखेरपर्यंत चार महिन्यांचं गवत आणि पेलेट आणून हवाबंद डब्यांत, सिलिका जेलच्या पुड्या घालून. 2021च्या जुलैत चिपळूण पाण्याखाली गेलं, वाशिष्ठीच्या पुलाचं नुकसान झालं. अशा वेळी कुरिअर कुठून येणार तुमच्या गुहागरला?

चावायला लाकूड लागतं. मी सफरचंदाच्या फांद्या मागवतो. आंबा आणि काजू अंगणात भरपूर आहेत, पण देत नाही. हापूसच्या देठाचा चीक लागून उठलेले फोड मी दर वर्षी बघतो, काजूच्या तेलाचं तर विचारूच नका.

आंघोळ धुळीची. पाण्याने कधीच नाही, लोकर भिजली की आतून वाळत नाही आणि बुरशी धरते. ज्वालामुखीच्या राखेसारखी अगदी बारीक पूड मिळते, ती परातीत घालून आठवड्यातून दोन-तीनदा दहा मिनिटं ठेवायची. पावसाळ्यात मी एक दिवसाआड ठेवतो. हे बघण्यासारखं असतं: आधी मिशा लावून वास, मग एकदम कोलांटी, सगळी खोली पांढरी. समोर गुहागरची एवढी पुळण पसरलीय म्हणून ती आणू नका. जाड असते, खारट असते, केसांच्या मुळापर्यंत जात नाही.

पहिल्या जुलैत धाकट्याच्या नाकाजवळ आणि कानामागे केस गेले. बुरशीच. आमचे जनावरांचे डॉक्टर गायी-शेळ्यांचे फार चांगले आहेत, सरळ म्हणाले की हा प्राणी मी आयुष्यात पाहिलेला नाही. पुण्याच्या डॉक्टरांना फोटो पाठवून फोनवर दोघांनी ठरवलं. तुम्ही आधीच पुण्यात किंवा मुंबईत असा डॉक्टर शोधून ठेवा, एकदा बोलून घ्या, आणि कुंभार्ली घाट चढून जायला किती वेळ लागतो तो धरून चाला. एक वाक्य पिंजऱ्यावर चिकटवून ठेवलंय मी: तोंडावाटे पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, क्लिंडामायसिन नाही. यांच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू त्याने मरतात आणि प्राणीही जातो.

कायद्याचं थोडक्यात. रानातले चिंचिला संकटात आहेत आणि साइटिस या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या पहिल्या परिशिष्टात येतात. पाळीव वंशाला त्यातून वगळलंय. हा वंश बराचसा 1923 साली मॅथायस चॅपमन नावाच्या खाण-अभियंत्याने कॅलिफोर्नियात नेलेल्या 11 जनावरांपासूनचा. आपल्या वन्यजीव कायद्यात 2022 साली दुरुस्ती होऊन साइटिसमधल्या प्राण्यांच्या नोंदणीची तरतूद आली. विकणारा म्हणेल, "सगळं लीगल आहे हो." त्याच्याकडून पक्कं बिल घ्या आणि वनखात्याच्या विभागीय कार्यालयात लेखी विचारून घ्या.

घ्याल तेव्हा दोन घ्या, एकटा झुरतो. पण दोन नर किंवा दोन माद्या, आधीपासून एकत्र वाढलेल्या. नर-मादी आणलीत तर 111 दिवसांत पिल्लं, आणि व्याल्यावर लगेच मादी पुन्हा गाभण राहू शकते.

मुलीशी मोकळेपणाने बोला. हे दिवसा झोपतात, रात्री ती झोपल्यावर जागे होतात, मधूनच भुंकल्यासारखे ओरडतात. कुशीत घेतलेलं आवडत नाही. घाबरले की पकडलेल्या जागची लोकर झुबक्याने हातात सोडून पळतात. माझ्या भाचीच्या मुठीत असा झुबका राहिला तेव्हा ती रडली होती. ती आता त्यांच्याशेजारी जमिनीवर नुसती बसते, तो धाकटा येऊन तिच्या पैंजणाला चावतो. दीड वर्ष लागलं त्याला.

पिंजऱ्याची ऑर्डर सध्या रद्द करा. चार-पाचशे रुपयांचं तापमान-आर्द्रता मापक घ्या आणि जी खोली देणार आहात तिथे भिंतीपासून जरा लांब टांगा. एसी लावा, डीह्युमिडिफायर लावा, रिकामी खोली पूर्ण पावसाळा आणि पुढचा मे चालवा. रोज सकाळ-संध्याकाळचे आकडे मुलीला वहीत लिहू द्या, वीज कधी गेली आणि किती वेळ गेली तेही. वही भरली की मला कळवा, मग कुठला प्राणी, कुठून, ते बोलू.