बॅग भरण्याआधी महिनाभर धुणं धू

तुझा प्रश्न होता, ‘दादा, ऑक्टोबरात म्युनिकला एमएसला निघालोय, किती शर्ट घेऊ आणि तिथं लाँड्री परवडते का?’ आणि खाली हळूच एक ओळ, ‘घरी कधी धुणं धुतलेलं नाही, आई म्हणते तिथं गेलास की जमेल.’ भावा, आधी त्या खालच्या ओळीचं उत्तर देतो. शर्टांचं नंतर.

मीही असाच निघालो होतो. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी मागच्या दारी धुण्याचा दगड होता, सकाळी धुणंभांडीवाल्या मावशी यायच्या, आणि कपाटात घडीचा शर्ट आपोआप उगवतो अशी बाविसाव्या वर्षापर्यंत माझी समजूत होती.

तुझ्या हातात अजून दोन महिने आहेत. उद्यापासून स्वतःचं धुणं तू धू. घरात मशीन असलं तरी पहिले पंधरा दिवस बादलीत, हातानं. आईला म्हणावं, चहा घेऊन लांब बस, चुकलं तर बोल, पण हात लावू नको. (तिला हे तुझ्यापेक्षा जड जाईल.) हातानं धुतलं की कळतं, मळ कॉलरला, काखेत आणि मनगटाला असतो, बाकीचा शर्ट नुसता घामट असतो. सगळा शर्ट बडवायची गरज नसते.

डाग तर इथंच शिकून घे. मुद्दाम जुन्या बनियनवर तांबडा रस्सा सांड. लगेच पाण्याखाली धरू नको, तर्रीला पाण्यानं काही होत नाही. कोरड्या डागावरच भांड्याचा लिक्विड साबण बोटानं चोळ, दहा मिनिटं ठेव, मग धू. तेल आणि मिरचीचा रंग बराचसा जातो, हळद मागे राहते. धुण्याचा साबण लागला की ती एकदम लालसर होईल, घाबरू नको. हळदीला चुना लावला की लाल होते ना, तसंच. खळबळून साबण काढला की परत पिवळी. ती घालवायला ऊन लागतं, कारण हळदीचा रंग उन्हात उडतो. राजारामपुरीतल्या तुमच्या गच्चीवर ओला कपडा दोन-तीन दुपारी टाकलास की काम होतं. म्युनिकला नोव्हेंबरात तसलं ऊन कुठलं? पांढऱ्या शर्टात रस्सा खायची हौस इथंच फेडून ये. रक्ताचा डाग मात्र नेहमी गार पाण्यात, गरम पाण्यानं तो पक्का बसतो.

कपड्याच्या आतली चिठ्ठी टोचते म्हणून कापू नको. टबाच्या चित्रातला आकडा म्हणजे पाणी जास्तीत जास्त किती गरम चालेल ते. टबाखाली रेघ असेल तर मशीन हळू फिरव, टबात हात असेल तर हातानं धू. चौकोनात गोल आणि त्यावर फुली म्हणजे ड्रायरमध्ये घालायचं नाही. एवढं ओळखलंस तरी निभावतं.

तिथलं मशीन पुढून दाराचं असतं आणि पाणी स्वतः तापवतं. रोजचे कपडे ३० किंवा ४० वर, टॉवेल-चादरी ६० वर. लोकरीचं काही चुकूनही ६० वर टाकू नको, धागे एकमेकांत अडकून स्वेटर नमद्यासारखा घट्ट होतो आणि परत सैल होत नाही. ड्रम ठासून भरायचा नाही, कपड्यांच्या वर हात सहज जाईल एवढी जागा हवी. इको प्रोग्रॅम तीन तासांवर चालतो. मशीन बिघडलं समजून मध्येच बंद करू नको. पावडर दोन तऱ्हेची: ‘फोलवाशमिटल’मध्ये ब्लीच असतं, ती पांढऱ्याला, रंगीत कपड्यांना ‘कलर’ लिहिलेली. म्युनिकचं पाणी आपल्या बोअरसारखं, साबण लवकर फेसाळत नाही. पुड्यावर पाण्याप्रमाणे मापं दिलेली असतात, त्यातलं ‘हार्ट’ म्हणजे जड पाण्याचं माप घे. अंदाजपंचे ओतू नको, जास्त पावडर कपड्यातच राहते.

खरी गोची वाळवण्याची. पहिल्या हिवाळ्यात मी ओलं धुणं खोलीतच वाळत घालायचो, थंडी येऊ नये म्हणून खिडकी गच्च बंद. फेब्रुवारीत कपाट सरकवलं तर मागची भिंत काळीकुट्ट. बुरशी! घरमालकानं डिपॉझिटमधून रंगाचे पैसे कापले आणि वर खिडकी कशी उघडायची यावर अर्धा तास शिकवणी घेतली. पैशांपेक्षा ती शिकवणी जास्त लागली, कारण आषाढात आमची आई सोप्यात दोऱ्या बांधून, दार-खिडकी उघडी टाकून, पंखा लावून अख्ख्या घराचं धुणं वाळवायची. मी रोज त्या ओल्या कपड्यांखालून वाकून जायचो, बघितलं कधीच नाही. तिथं दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून खिडकी सताड उघडायची, पाच-दहा मिनिटं, आणि परत लावून घ्यायची. दिवसभर किलकिली ठेवून उपयोग नाही. कपडे भिंतीला चिकटवून वाळत घालू नकोस.

रविवारी आणि रात्री दहानंतर मशीन लावण्याआधी इमारतीचे नियम वाच. बऱ्याच ठिकाणी चालत नाही, आणि शेजारी दार वाजवतात.

आता शर्ट. आठ-दहा पुरेत, त्यात न चुरगळणारे जास्त, कारण कोपऱ्यावर इस्त्रीवाला नसतो. ओला शर्ट जोरात झटकून हँगरला लावला की निम्मी इस्त्री तिथंच होते. लाँड्रीत रोजचे कपडे द्यायचा विचार सोड, खिशाला झेपणार नाही. जाड टॉवेल अजिबात आणू नको, हिवाळ्यात दोन-दोन दिवस ओला राहतो आणि कुबट वास मारतो. महाद्वार रोडवरनं चार सुती पंचे घे, रात्रीत वाळतात. चिमटे, स्टँड तिथं मिळतात.

हॉस्टेलची खोली नक्की झाली की तळघरातलं मशीन नाण्यावर चालतं की कार्डावर, ते ईमेल करून विचारून ठेव. माझे पहिले दोन आठवडे त्यातच गेले.